गुहेतल्या दाढेची खोबण

बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत माझा दातांचा दवाखाना आहे. खाली दवाखाना, वर घर, घरात मी आणि बाबा. त्या फेब्रुवारीत एका दुपारी, मी जेवायला वर जायच्या बेतात असताना, एक बाई गालावर हात धरून आत आल्या. पन्नाशीच्या असतील. पायात चिखलाचे बूट, डोक्यावर कापडी टोपी, आणि पँटला इतके खिसे की रुमाल शोधताना त्यांनी आधी ब्रश काढला, मग मोजायची टेप, मग एक छोटीशी करणी.

"भाजलेल्या चण्यात खडा होता," त्या म्हणाल्या. "दिवसभर खडेच ओळखायचं काम करते मी. तरी चावला."

मराठी अगदी पुण्याची होती, शब्द सुटे सुटे, इस्त्री केल्यासारखे. मी त्यांना खुर्चीत बसवलं. खालची दाढ उभी चिरली होती, पण वाचण्यासारखी होती. इंजेक्शन दिलं आणि बधिर व्हायची वाट बघत विचारलं की काम काय करता. इथून दोन-अडीच तासांवर, नर्मदेकडे उतरणाऱ्या डोंगरात एका गुहेत त्या उत्खनन करत होत्या. गुहा म्हणजे फार खोल नव्हे, पुढे आलेल्या कड्याखालचा मोठा आडोसा. शेती माहीत नव्हती त्या काळापासून माणसं तिथे येत होती, म्हणाल्या. आणि नेमकं तेव्हाच त्यांना काहीतरी आठवलं, पण तोवर ओठ गेला होता.

"फॉक्टर," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एक फाढ आहे."

"हो, तीच बघतेय ना."

"ही नाही! गुहेतली फाढ!"

माझ्या शेजारी जिज्जी उभी होती, हातात थुंकी ओढायची नळी घेऊन. जिज्जी जवळच्या देपालपुरची, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, दवाखाना उघडला त्या दिवसापासून माझ्यासोबत आहे. तिला मराठी समजतं पण ती बोलत नाही. मला तिची मालवी बोली समजते पण बोलता येत नाही. आमचं बावीस वर्षं उत्तम चाललंय. ती मला म्हणाली, "मैडमजी, ये बेहोश हो री है क्या?"

बाई बेहोश होत नव्हत्या. त्यांनी पंचविसाव्या की तिसाव्या खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो माझ्यासमोर धरला. काळ्या कापडावर एक सुटी दाढ, शेजारी मापाची छोटी पट्टी.

मी रोज तीस-चाळीस दाढा बघते. दाढ बघून माझ्या अंगावर काटा येईल असं मला वाटलं नव्हतं. ती वरून सपाट झिजली होती, जात्याच्या तळीसारखी. कीड कुठेच नाही. आणि बाजूला, जिथे दाताचा वरचा भाग संपून मूळ सुरू होतं त्या मानेवर, एक आडवी खोबण. गुळगुळीत, अर्धगोल. नखानं साबणावर ओढल्यासारखी.

"हे आपोआप नाही झालेलं," मी म्हणाले. "ही शेजारच्या दाढेकडची बाजू आहे. इथे कोणीतरी काडी घातलीय. पुन्हा पुन्हा. वर्षानुवर्षं. अहो, हा माणूस दात कोरत होता!"

बाई तोंडात कापसाचे बोळे असताना ताडकन उठून बसल्या. "आआ आआ आआआ!" असं काहीतरी म्हणाल्या, आणि मग माझ्या औषधांच्या चिठ्ठीवर लिहिलं: "मलाही तेच वाटतंय, पण दाताच्या डॉक्टरनं बघितलेलं नाही. रविवारी या. जबडा अजून मातीत आहे."

जबडा अजून मातीत आहे. ते वाक्य वाचून मला जी झिंग चढली ती काय सांगू. त्यांच्या दाढेचं काम मी नीट केलं, पण त्या गेल्यावर जिज्जीला हाताला धरून दवाखान्यात दोन गिरक्या घेतल्या. बाहेर बसलेल्या पेशंटनं दारातून बघितलं आणि विचारलं, "डॉक्टरसाब, मैं बाद में आऊँ?"

वर जाऊन बाबांना सांगितलं. बाबा तेव्हा एक्क्याऐंशीचे. कापड मिलमध्ये टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी ताटावरून मान वर केली.

"किती जुना आहे म्हणतेस?"

"काही हजार वर्षं. नक्की किती ते लॅब सांगणार आहे."

"मी पण येऊन राहिलो."

"बाबा, चढण आहे तिथे."

"मग? मी काय गोगलगाय आहे? चढीन."

रविवारी पहाटे पोहे डब्यात भरून, वर शेव वेगळी बांधून, आम्ही तिघं माझ्या गाडीतून निघालो. जिज्जीला सुट्टी होती, तरी आली. "ऐसी खोपड़ी फिर कब देखूँगी," म्हणाली. घाट उतरून कच्च्या रस्त्याला लागलो, तिथून पुढे अर्धा तास पायी. बाई खाली घ्यायला आल्या होत्या. गालाची सूज उतरली होती, टोपी तीच. बाबांना बघून त्या जरा घाबरल्या आणि म्हणाल्या की आजोबांनी झाडाखाली बसावं. आजोबांनी त्यांच्याच हातातली काठी घेतली आणि वाटेला लागले. वर पोचलो तेव्हा ते आधीच पोचून खणणाऱ्या बायकांना पोहे वाटत होते.

आडोसा मोठा होता. आमचा अख्खा दवाखाना, घर आणि गल्लीतली चार दुकानं त्यात सहज मावली असती. वर दगडाचं छत पुढे झुकलेलं, समोर सगळी दरी उघडी. जमिनीत चौकोनी खड्डा, कडा सुरीनं केक कापावा तशा सरळ. त्या कडेवर थर दिसत होते. बाईंनी, म्हणजे एव्हाना मी त्यांना ताई म्हणायला लागले होते, करणीच्या टोकानं दाखवलं: हा राखेचा पट्टा, म्हणजे इथे चूल होती. त्यावर वाऱ्यानं आलेली माती, म्हणजे बराच काळ कोणी आलं नाही. पुन्हा राख. पुन्हा माती. आडोशाच्या तोंडाशी उजेडात बसून ती माणसं दगडाची पाती काढायची, नखाएवढी पाती, त्यांचे कपचे तिथे हजारोंनी सापडले होते. खाल्लेल्या जनावरांची हाडं एका कोपऱ्यात. मागच्या भिंतीजवळची जमीन मात्र जवळजवळ स्वच्छ.

"तिकडे झोपत असतील," मी म्हणाले.

"असतील," ताई म्हणाल्या. "मी अजून 'मागच्या बाजूला कचरा कमी' एवढंच लिहिलंय."

बाबा त्या थरांसमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे राहायचे नाहीत इथे. यायचे, जायचे. ही तर हजेरी आहे."

ताई त्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, माझ्या विद्यार्थ्यांना हे समजवायला मला एक वर्ष लागतं."

त्यानंतर बाबांना आवरणं कठीण झालं. भिंतीवर गेरूनं काढलेली चित्रं होती, हरणं, एक रानडुक्कर, आणि हातात हात घालून नाचणाऱ्या माणसांची रांग. बाबा त्या रांगेतली माणसं मोजायला लागले. एकाचा पाय पुसट होता, तो मोजायचा की नाही यावर त्यांचा आणि जिज्जीचा वाद झाला. जिज्जीचं म्हणणं, पाय नसला तरी नाचतोय ना, मग मोजा.

मला मात्र जबड्याची घाई झाली होती.

पुरलेला माणूस खड्ड्याच्या मागच्या भागात होता. कुशीवर झोपवलेला, गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. मी अशीच झोपते. बाई असावी, असं ताईंना वाटत होतं, पण त्यांनी ते दोनदा "असावी" म्हणून सांगितलं. डोक्याचा भाग तेवढा मातीतून मोकळा केला होता. ताई मला नियम सांगू लागल्या: टोपी घालायची, मास्क लावायचा, हातमोजे घालायचे, आपला श्वास आणि घाम त्यावर पडता कामा नये, स्पर्श करायचा नाही. मी पिशवी उघडली. टोपी, मास्क, हातमोजे, डोक्यावर बांधायचा दिवा, तोंडात बघायचा छोटा आरसा. सगळं निर्जंतुक, पाकिटबंद.

"आजवर इतके तज्ज्ञ आले," ताई म्हणाल्या, "तयारीनं आलेल्या तुम्ही पहिल्याच."

खड्ड्यावर आडवी फळी टाकली होती. तिच्यावर मी पालथी झोपले, डोकं खाली, दिवा लावला, आरसा हातात घेतला. शेहेचाळीस वर्षांची बाई, फळीवर, हवेत तरंगत, एका अनोळखी माणसाच्या तोंडाशी तोंड नेऊन. सगळे गप्प झाले. खणणाऱ्या बायकाही गप्प झाल्या. वारासुद्धा पडला. दाढा दिसत होत्या, पण मागची बाजू अंधारात होती, आणि मी बावीस वर्षांच्या सवयीनं, अगदी मऊ आवाजात म्हणाले,

"जरा आऽ करा."

एक क्षण कोणाला कळलं नाही. मलाही कळलं नाही. मग मागून जिज्जीचा आवाज आला, "मैडमजी, वो नी करेगी."

मी हसायला लागले. फळीवर पालथं पडून हसू नये, पोटाला जागा नसते. फळी हलायला लागली. ताई ओरडल्या, "फळी! फळी धरा!" आणि दोन बायकांनी माझे पाय धरले, पण त्याही हसत होत्या म्हणून पायही हलायला लागले. बाबा तर भिंतीला टेकून डोळे पुसत होते. शेवटी मला मागे ओढून काढलं. मी मास्क काढून दहा मिनिटं नुसती बसले. प्रत्येक वेळी थांबले की जिज्जी माझ्याकडे बघून हळूच "आऽ" करायची आणि पुन्हा सुरू.

मला थोडी लाजही वाटली. मेलेल्या माणसापुढे इतकं हसणं बरं दिसत नाही. ताईंना मी तसं म्हणाले. त्या चहा ओतत होत्या. म्हणाल्या, "तिला पुरलं तेव्हा रडले असतील. त्यानंतर इतक्या जवळ येऊन कोणी तिच्याशी बोललेलं नाही. चालतं."

दुसऱ्यांदा मी नीट बघितलं, अर्धा तास बघितलं. जिथून ती सुटी दाढ पडली होती तिची रिकामी जागा दिसत होती. तिच्या शेजारच्या दाढेवर, अगदी समोरासमोर, दुसरी खोबण होती. एकाच काडीनं दोन्ही बाजू घासल्या होत्या. आणि खालच्या हाडाला, त्याच जागी, जुन्या सुजेची खूण होती. हिरडी दुखत होती तिची. दुखायचं म्हणून ती तिथे काडी घालायची, काडी घातली की बरं वाटायचं, मग पुन्हा. माझ्याकडे रोज येतात असे. "डॉक्टरसाब, इथे काहीतरी अडकल्यासारखं वाटतं." काही अडकलेलं नसतं.

मी वर येऊन एका दमात हे सगळं सांगितलं. ताईंनी वहीत लिहिलं: "दोन्ही दाढांवर समोरासमोर खोबणी. हाडाला सुजेची खूण. काडीचा वापर?"

"प्रश्नचिन्ह कशाला?" मी म्हणाले.

"कारण काडी सापडलेली नाही."

"काडी कशी सापडेल! ती कुजून गेली!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "तुमची खात्री आहे ना? मग करून दाखवा."

हे असं कोणी मला सांगायला नको होतं.

दवाखान्यात एका बरणीत काढलेले दात असतात, शिकाऊ डॉक्टरांसाठी ठेवलेले. दुसऱ्याच दिवशी मी दोन दाढा शेजारी शेजारी प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवल्या, तोंडात असतात तशा, आणि जिज्जीला कडुलिंबाची काडी आणायला सांगितली. दोन पेशंटच्या मधल्या वेळात आम्ही आलटून पालटून घासायचो. कडुलिंबाची काडी जाड पडली, शिरेना. बाभळीचा काटा मोडला. बांबूची बारीक शीग छान शिरली, तिच्यानं हजारच्या वर फेऱ्या मारल्या, भिंगाखाली बघितलं तर दाढ नुसती चमकत होती. स्वच्छ झाली होती, बस. बाबा खाली येऊन फेऱ्या मोजायला लागले. कानावर पेन्सिल, समोर कागद, पाच-पाचच्या रेघा. गल्लीत बातमी पसरली की डॉक्टरबाई मेलेल्या दातांना ब्रश करतात. समोरच्या कचोरीवाल्यानं बाबांना विचारलं, "भिया, सब ठीक?" बाबांनी त्याला अदबीनं सांगितलं की संशोधन सुरू आहे.

तीन आठवडे गेले. माझा उत्साह ओसरायला लागला. खोबण पडत नव्हती. ताईंचा फोन आला की मी "बघतेय अजून" म्हणायची आणि विषय बदलायची. एका दुपारी मी वैतागून ठोकळा बाजूला ठेवला आणि जिज्जीला म्हणाले की बंद करू हे, त्या गुहेतल्या बाईनं आयुष्यभर घासलं असेल, आपल्याला तेवढं आयुष्य नाही.

जिज्जी ठोकळा हातात घेऊन बसली होती. "मैडमजी," ती म्हणाली, "अपन साफ काड़ी से घिस रिये हैं."

"म्हणजे?"

"म्हारी दादी तो चूल्हे की राख से दाँत माँजती थी. उंगली राख में, उंगली मुँह में. वो वाली भी तो चूल्हे के पास ही बैठती थी नी? राख तो सब जगह थी वहाँ. काड़ी पे लगी होगी. मुँह में भी होगी. रोटी में भी."

"रोटी नव्हती तेव्हा," मी म्हणाले, पण तोवर मी उभी राहिले होते. त्या खड्ड्याच्या कडेवरचे ते पट्टे माझ्या डोळ्यांसमोर आले. राख, माती, राख, माती. तीन आठवडे मी रोज त्याच काड्यांकडे बघत होते, आणि एकदाही मनात आलं नाही. माझ्या दवाखान्यात सगळं निर्जंतुक असतं ना.

राख आणायची कुठून? सगळ्यांकडे गॅस. जिज्जीच तंदूर असलेल्या एका ढाब्यावर जाऊन डबाभर घेऊन आली. गवताची कडक काडी ओली करून राखेत बुडवली आणि घासायला लागलो. दर शंभराला पुन्हा बुडवायची. बाबा रेघा मारत होते. त्या संध्याकाळी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाढा वेगळ्या करून भिंगाखाली धरल्या आणि ओरडले.

होती. केसाएवढी, पण होती. मानेवर, आडवी, आणि समोरच्या दाढेवर तिची जोडीदार. चार दिवसांत ती नखाला लागण्याइतकी खोल झाली. त्या चार दिवसांत ज्यांचे दात मी काढले, भरले, साफ केले त्या सगळ्यांना मी ती दाखवली. एका काकूंनी हात जोडून नमस्कारच केला, काय समजल्या देव जाणे.

ताईंना फोन लावला. मी इतकं भरभर बोलले की त्या म्हणाल्या, "सावकाश. तुमचा ओठ बधिर आहे का?" मग सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता पुन्हा प्रश्नचिन्ह येणार.

"राखेचं कोणाच्या डोक्यात आलं?" त्यांनी विचारलं.

"जिज्जीच्या."

"त्यांना फोन द्या."

जिज्जीनं हात पदराला पुसून फोन घेतला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. जिज्जी नुसती "हाँ जी, हाँ जी" करत होती, आणि बोलता बोलता मोबाइल कानाला तसाच धरून, कधी नव्हे ती, पेशंटच्या बाकड्यावर जाऊन बसली.

ताईंनी आमची दाढ आणि गुहेतली दाढ दोन्ही मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला पाठवल्या. पावसाळ्याआधी खड्डा बुजवला, आम्ही तेव्हाही गेलो. पुरलेल्या बाईला आधीच मातीसकट उचलून नेलं होतं. खड्ड्याला प्लास्टिक अंथरलं, वाळूची पोती रचली, वर माती. माती दाबायला सगळ्यांनी नाचावं असं बाबांनी सुचवलं आणि सगळे खरंच नाचले, ताईसुद्धा, टोपी उडेपर्यंत.

अहवाल दिवाळीनंतर आला. इंग्रजीत होता, मी वाचून सांगत होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही खोबणींत एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसले होते. "राखेसारख्या खरखरीत कणांसह वनस्पतीची काडी वापरली गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"मतलब हाँ?" जिज्जीनं विचारलं.

"मतलब ना नाही."

"ना नाही मतलब हाँ," बाबांनी निकाल दिला.

शेवटी आभार होते. माझं नाव होतं. बाबांचं होतं, फेऱ्या मोजल्याबद्दल. आणि एका स्वतंत्र वाक्यात जिज्जीचं, पूर्ण नाव, गाव देपालपुर, राखेची कल्पना मूळ यांची. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. जिज्जीला इंग्रजी अक्षरं लावता येतात. तिनं एकेक अक्षर लावत स्वतःचं नाव वाचलं, परत वाचलं, आणि "ये तो मैं हूँ" म्हणत मागे सरकली ती थेट पेशंटच्या खुर्चीत बसली. बावीस वर्षांत ती त्या खुर्चीत कधी बसली नव्हती.

बाबांनी खालचं पेडल दाबलं. खुर्ची हळूहळू वर जायला लागली. जिज्जीनं दोन्ही हातांनी अहवाल छातीशी धरला, किंचाळली, "बाबूजी, रोको!" आणि मग, अगदी वर पोचल्यावर, म्हणाली, "अच्छा, एक बार और."